संपाला कायद्याचं संरक्षण कधी मिळतं? आधी तारखा बघा

रविवारी रात्री साडेनऊला सुदामा नगरातल्या आमच्या घराची बेल वाजली. दारात पलीकडच्या गल्लीतला मुलगा. पीथमपूरच्या एका कारखान्यात मशीनवर असतो. चप्पल काढायच्या आधीच त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. ग्रुपवर मेसेज फिरत होता: ‘कल सब सीएल डालो. एक भी आदमी अंदर नहीं जाएगा.’ सीएल म्हणजे किरकोळ रजा. खाली अंगठ्यांची रांग.

“काका, हा काही संप नाही ना? आम्ही फक्त सुट्टी टाकतोय. सीएल तर आमच्या खात्यावरची आहे.”

मी त्याला एवढंच विचारलं, कारखान्यात कामगार किती? एकशे ऐंशी. आणि सुट्टी किती जण टाकणार? जवळजवळ सगळेच. मग हा संपच झाला, आणि तोही बेकायदा. त्याचा चेहरा उतरला. तीस वर्षं इंदूरच्या श्रम न्यायालयात कामगारांची प्रकरणं चालवताना हा उतरलेला चेहरा मी फार वेळा पाहिला आहे. फरक इतकाच की एरवी तो निलंबनाची चिठ्ठी हातात पडल्यावर बघायला मिळतो. हा मुलगा आदल्या रात्री आला, याचं मला बरं वाटलं. त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे.

सामूहिक सुट्टीचं आधी सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. १९४७चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९२६चा ट्रेड युनियन कायदा आता तिच्यात विरघळले. या संहितेत संपाची व्याख्या वाढवली आहे. ठरवून, एकाच दिवशी, निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरला जातो. एकशे ऐंशीपैकी नव्वद अर्ज पडले की झालं. रजा शिल्लक आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. आणि हे सगळं ‘ठरवून’ केलं हे मालकाला सिद्ध करायचं असेल, तर तो मेसेज आणि त्याखालचे अंगठे पुरेसे आहेत.

दुसरा गैरसमज यापेक्षा जुना आहे. ‘संप हा आमचा घटनादत्त हक्क आहे’ असं गेट मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं जातं. संघटना बांधण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९मध्ये आहे, हे खरं. पण संघटनेबरोबर संपाचाही मूलभूत हक्क आपोआप येतो, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ साली बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात नाकारलं. पुढच्याच वर्षी बिहारच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात कोर्टाने शांततेने निदर्शनं करण्याचा हक्क मान्य केला, संपाचा नाही. म्हणजे संपाचा हक्क आपल्याकडे साध्या कायद्यातून येतो. कायदा जितका देतो तितकाच मिळतो, आणि कायदा बदलला की तोही बदलतो.

हे मला आजही पटत नाही, आणि इथे मला महूची आठवण होते. आमच्यापासून तासाभराच्या आत असलेलं गाव, बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मस्थान. सप्टेंबर १९३८मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक विवादांचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला होता. त्यांचं म्हणणं असं की कामगाराने काम थांबवणं हा फार तर नोकरीच्या कराराचा भंग आहे. त्याची भरपाई मागा, पण त्याला गुन्हा ठरवून शिक्षा केलीत तर माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणं होईल, आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईत त्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. विधेयक तरीही मंजूर झालं. आजच्या संहितेतही बेकायदा संपाला दंड आणि कैद दोन्ही आहेत. म्हणून मत काहीही असो, नियम पाठ हवेत.

संप कायदेशीर असला म्हणजे नक्की काय वाचतं? सगळ्यात आधी शिक्षा वाचते. मग नोकरी: फक्त संपात होता म्हणून कायदेशीर संपातल्या माणसाला काढून टाकणं टिकत नाही. त्याच्या जागी संपकाळात नवी भरती करणं ही संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे मालकाची अनुचित प्रथा ठरते. सेवेत खंड पडत नाही, आणि ही गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. सेवा अखंड आहे की नाही यावर पुढे छाटणीची भरपाई अवलंबून असते.

खंड म्हणजे काय याचा एक खटला मी नेहमी सांगतो. १ नोव्हेंबर १९४८ला सूर्यग्रहण होतं. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतल्या कामगारांनी त्या दिवशी सुट्टी मागितली, ती मिळाली नाही. रात्रपाळीच्या लोकांनी सुमारे चार तास काम थांबवलं आणि मग पुन्हा मशीनवर गेले. त्या गिरणीला तेव्हा संपाची नोटीस सक्तीची होती, ती दिलेली नव्हती. तेवढ्या चार तासांमुळे त्यांची सेवा खंडित ठरली आणि पगारी सुट्ट्या गेल्या. सुप्रीम कोर्टानेही कंपनीचंच म्हणणं उचलून धरलं. ग्रहण सुटलं, पण त्या चार तासांचं भांडण पुढे चार वर्षं चाललं.

याच गिरणीने त्याच्या आधी, १९२१मध्ये, बी. पी. वाडिया आणि मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर मद्रास हायकोर्टात मनाईहुकूम मिळवला होता. कामगारांना करार मोडायला फूस लावली, हा आरोप. म्हणजे युनियन चालवणं हेच नुकसानभरपाईचं कारण. त्यावर ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात युनियनला संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी लावून धरली आणि १९२६चा कायदा आला. त्यातलं कवच नव्या संहितेतही आहे: नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर आणि सभासदांवर, वादाच्या ओघात करारभंगाला प्रवृत्त केलं म्हणून दिवाणी दावा चालत नाही आणि संघटनेच्या उद्देशांसाठी एकत्र ठरवलं म्हणून कटाचा गुन्हा लागत नाही. पण ‘ठरवलेली गोष्ट स्वतःच गुन्हा असेल तर नाही’ अशी त्याला अट आहे. बेकायदा संप हा संहितेत गुन्हा आहे. म्हणजे तारीख चुकली की हे कवचही गळून पडू शकतं.

आता तारखा.

१९४७च्या कायद्यात संपाची आगाऊ नोटीस फक्त लोकोपयोगी सेवांना सक्तीची होती: रेल्वे, वीज, पाणी आणि सरकारने तशा जाहीर केलेल्या इतर सेवा. साध्या कारखान्याला ती अट नव्हती. जुने पुढारी आजही त्याच हिशोबाने बोलतात. नव्या संहितेत मात्र कलम ६२ प्रमाणे प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत नोटीस लागते. नोटीस दिल्यापासून चौदा दिवस संप करता येत नाही. नोटिशीत संपाची जी तारीख लिहिली असेल तिच्या आधी करता येत नाही. आणि नोटीस साठ दिवसांपेक्षा जुनी झाली की ती संपली, नवी द्यावी लागते.

समजा १ जूनला नोटीस दिली. १५ जूनपर्यंत थांबायचं. १६ जून ही संपाची तारीख लिहिली, तर ती चालेल. आणि ३१ जुलै उलटला की तो कागद रद्दीचा.

एवढंच असतं तर सोपं होतं. पण नोटीस मिळाल्यावर मालकाला पाच दिवसांत सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आपल्याकडच्या हिंदी कागदांवर त्यांना सुलह अधिकारी म्हणतात. त्यांनी दोन्ही पक्षांना बोलावून पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. ती चालू असेपर्यंत, आणि संपल्यावर आणखी सात दिवस, संप बंद. म्हणजे १० जूनला पहिली बैठक झाली तर १६ जून ही तुमची तारीख गेलीच. बोलणी २४ जूनला फिसकटली असं धरा. त्यावर सात दिवस म्हणजे १ जुलै. आता पहिला मोकळा दिवस २ जुलै.

आणि खरी मेख इथे आहे. समेट फसल्यावर कोणताही पक्ष थेट औद्योगिक न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. कोणताही, म्हणजे मालकसुद्धा. त्याने ३० जूनला अर्ज टाकला की न्यायाधिकरणापुढचं प्रकरण चालू असेपर्यंत, आणि निकालानंतर साठ दिवस, संप बेकायदा. प्रकरण किती वर्षं चालेल हे कोणी सांगावं? न्यायाधिकरणाचा उंबरा ओलांडणं पूर्वी सरकारच्या हातात होतं. सरकार वाद पाठवायचं, मगच तो तिथे जायचा. आता तो दरवाजा दोघांनाही उघडा झाला, आणि त्याच दरवाजाने संपाची वाट बंदही करता येते. मालकाने तसं केलं तर तो कायदा मोडत नाही. पण ज्याच्याकडे वकील तयार बसलेला आहे आणि ज्याला महिनाभराच्या पगारावर घर चालवायचं आहे, त्या दोघांच्या हातात एकच कुलूप दिलं तर ते कोण आधी लावणार, हे उघड आहे. या तरतुदीवर कामगार संघटनांनी अजून पुरेसा आवाज उठवलेला नाही असं माझं मत आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की कायदेशीर संपाची खिडकी कधीकधी फक्त दोनचार दिवसांची असते, आणि ती केव्हा उघडते हे रोज बघावं लागतं. समेटाच्या बैठकीच्या तारखा, बोलणी फिसकटल्याचा कागद, न्यायाधिकरणातला अर्ज: हे सगळं युनियनच्या एका माणसाने वहीत टिपलं पाहिजे. मध्य प्रदेशच्या कामगारांना एक सोय आहे. राज्याच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय भोपाळला नसून आपल्या इंदूरमध्येच आहे. चौकशीला परगावी जावं लागत नाही.

आणखी एक अडसर. आधी करार झालेला असेल, उदाहरणार्थ तीन वर्षांचा पगारकरार, तर त्या करारात आलेल्या विषयांवर तो चालू असेपर्यंत संप करता येत नाही. ‘त्या विषयांवर’ हे शब्द नीट वाचा. करार पगाराचा असेल आणि भांडण कँटीनच्या जेवणाचं किंवा मशीनवरच्या जाळीचं असेल, तर करार आडवा येत नाही. आणि मालकाने बेकायदा टाळेबंदी केली, म्हणजे कामगारांना कारखान्याबाहेर ठेवलं, त्याला उत्तर म्हणून संप केला, तर तो बेकायदा धरला जात नाही. उलट बाजूनेही तसंच आहे: बेकायदा संपाला उत्तर म्हणून केलेली टाळेबंदी बेकायदा होत नाही. म्हणूनच पहिलं पाऊल कोणाचं आणि कोणत्या तारखेला, हे नंतर कोर्टात तासन् तास उगाळलं जातं.

“आणि चुकलंच तर, काका?” मुलाने विचारलं. चुकलं तर भाग घेणाऱ्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चिथावणाऱ्याला दंड दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. मेसेज ज्याने टाकला तो या दुसऱ्या ओळीत येतो. हे ऐकून त्याने पुन्हा मोबाईल काढून मेसेज कोणाचा आहे ते पाहिलं. त्याच्याच शिफ्टमधल्या जोडीदाराचा होता.

पण बेकायदा संप म्हणजे नोकरी गेलीच, असं नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण एचआरवाले नेमकं उलटं सांगून लोकांकडून राजीनामे लिहून घेतात. गुजरात स्टील ट्यूब्ज या अहमदाबादच्या कंपनीच्या खटल्यात १९७९ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की संप बेकायदा आहे एवढ्यावरून तो असमर्थनीय ठरत नाही, आणि त्यात असलेल्या प्रत्येकाला सरसकट काढता येत नाही. कोणी काय केलं हे माणसागणिक बघावं लागतं. शांतपणे घरी बसलेला आणि गेटवर दगड मारणारा यांना एका मापाने मोजता येत नाही. त्यासाठी आरोपपत्र, खात्यांतर्गत चौकशी, आपली बाजू मांडायची संधी हे सगळं लागतं. तेव्हा घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका.

पगाराचं गणित वेगळं आहे, आणि इथे भलेभले फसतात. संप कायदेशीर असला म्हणून त्या दिवसांचा पगार मिळतोच असं नाही. १९९४ साली सिंडिकेट बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही अटी घातल्या: संप कायदेशीरही हवा आणि समर्थनीयही हवा. समर्थनीय म्हणजे मागणी रास्त, निकड खरी आणि बोलणीची वाट आधी चालून पाहिलेली. एका बँकेत चार तासांच्या संपासाठी पूर्ण दिवसाचा पगार कापला होता, तेही १९९०मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. वेतन संहितेत आणखी एक तरतूद आहे: दहा किंवा जास्त कामगार ठरवून, नोटिशीशिवाय आणि योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिले आणि नोकरीच्या करारात तशी अट असली, तर गैरहजेरीच्या पगाराशिवाय आठ दिवसांपर्यंतचा पगार जास्तीचा कापता येतो. सोमवारची एक सीएल नऊ दिवसांना पडू शकते, असं म्हटल्यावर त्याने बोटांवर हिशोब केला.

तारखा बरोबर असूनही संप वागण्यातून बिघडू शकतो. काम मुद्दाम हळू करणं, अधिकाऱ्यांना घेराव, मॅनेजरच्या घरासमोर धरणं, आत जाणाऱ्याला अंगाने अडवणं, या युनियनच्या अनुचित प्रथा आहेत. गेटवर उभं राहून आत जाणाऱ्याला हात जोडून समजावणं चालतं, त्याची सायकल धरणं चालत नाही. काळी फीत लावून काम करणं किंवा जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर सभा घेणं यात काम थांबतच नाही, तेव्हा तो संप नाही. आपल्या लोकांनी ही साधनं फार लवकर टाकून दिली आहेत. चौदा दिवसांच्या वाट पाहण्यात लोकांची ऊब टिकवायला त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही.

यातला कोणताही हिशोब सरकारी कर्मचाऱ्यांना लागू नाही. त्यांना आचरण नियमांनीच संपाची बंदी आहे, आणि २००३मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्यांना संपाचा हक्कच नाही असं म्हटलं. शिवाय राज्य सरकार १९७९चा अत्यावश्यक सेवांचा कायदा, ज्याला सगळे एस्मा म्हणतात, लावून एखाद्या सेवेतला संप आदेशाने बंद करू शकतं. वीज, पाणी, दवाखाना यांत काम करणाऱ्यांनी नोटीस लिहायच्या आधी असा आदेश निघालेला आहे का, ते बघावं.

त्या रात्री अकरा वाजता त्याने फोन लावून आधी जोडीदाराला उठवलं. मेसेज मागे घेतला गेला आणि सोमवारी सगळे कामावर गेले. बुधवारी युनियनचे तिघे आले, तेव्हा आम्ही नोटीस लिहायला बसलो. त्यांनी आणलेल्या मसुद्यात तळतळाट भरपूर होता, पण संपाची तारीख कुठेच नव्हती. ‘मागण्या मान्य न झाल्यास कोणत्याही क्षणी’ असं लिहिलं होतं. ते वाक्य काढलं. मागण्या एकाखाली एक, संप कोणत्या दिवसापासून आणि कोणत्या पाळीपासून, हे आलं. युनियनच्या ठरावाची तारीख आली. सह्या नियमात सांगितल्या आहेत त्यांच्याच. प्रती तीन: एक कंपनीला, एक समेट अधिकाऱ्याला, एक स्वतःकडे.

कंपनीच्या टपाल टेबलावरच्या माणसाने प्रत घेतली, पण शिक्का मारेना. वरून फोन आल्याशिवाय मारणार नाही म्हणाला. तिघे तिथे वाद घालत बसले नाहीत. पोस्टात जाऊन तीच नोटीस स्पीड पोस्टने पोच पावतीसह पाठवली आणि ईमेलही केला. चौथ्या दिवशी पोच पावती परत आली. तिच्यावर कंपनीचा गोल शिक्का होता आणि आत निळ्या शाईत तारीख. चौदा दिवस आम्ही त्या तारखेपासून मोजले. कागद आधी दिला होता हे खरं, पण पुरावा पोच पावतीचाच होता, आणि दोन दिवसांच्या घाईपायी सगळं पणाला लावायची गरज नव्हती.

निघताना त्यांच्यातल्या वयस्क माणसाने विचारलं, संप लांबला तर घरं कशी चालतील, गल्लीतून वर्गणी काढली तर गुन्हा होतो का? बेकायदा संप चालवायला जाणूनबुजून पैसा पुरवणं हा गुन्हा आहे, कायदेशीर संपाला मदत करणं नाही. मी त्यांना सांगितलं की वर्गणी जरूर काढा, पण पावतीपुस्तक छापून घ्या, आणि प्रत्येक पावतीवर नोटिशीची तारीख आणि संपाची तारीख दोन्ही येऊ द्या.